वाचक विचारतात: दोघांपुरतं ॲपल क्रम्बल

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकला राहतो, घरात मी आणि मिस्टर दोघंच. मुलाकडे गेलो होतो तेव्हा सुनेने ॲपल क्रम्बल केलं होतं, म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर मैदा-बटर-साखरेचा चुरा घालून ओव्हनमध्ये भाजलेलं, ते आम्हाला इतकं आवडलं की परत आल्यावर मी मुद्दाम छोटा ओटीजी ओव्हन घेतला. पण रेसिपी आठ जणांची. अंदाजाने सगळं निम्मं केलं, बटर वितळवून मैद्यात घातलं, तरी तीन दिवस संपेना आणि दुसऱ्या दिवशी वरचा थर ओला झाला, सफरचंदाची तर पेस्टच झाली होती, शिवाय फार गोड. दोघांना पुरेल एवढंच, ताजं कसं करायचं?

उत्तर: काकू, आमच्याकडेही आता दोघंच असतो त्यामुळे तुमची अडचण अगदी ओळखीची आहे. आधी एक करा, ती आठ जणांची रेसिपी निम्मी-पाव करणं सोडून द्या. माणशी एक सफरचंद धरायचं आणि माणशी एक वाटी, म्हणजे ओव्हनमध्ये चालणारी काचेची किंवा सिरॅमिकची छोटी वाटी, नसेल तर घरातली जाड स्टीलची वाटी पण चालते. वरचा चुरा मात्र एकदाच जास्तीचा करून फ्रीजरमध्ये ठेवायचा. मग मनात आलं की दोन सफरचंदं चिरली, वर मूठभर चुरा टाकला, झालं. उरायचा प्रश्नच येत नाही.

चुऱ्याचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे, मैदा दोन भाग, बटर एक भाग, साखर एक भाग. बटरचं 100 ग्रॅमचं पाकीट मिळतं ना, ते अख्खं घ्या, 200 ग्रॅम मैदा आणि 100 ग्रॅम साखर. यात तुमचं दोघांचं तीन वेळा आरामात होतं. अर्धा मैदा अर्धी कणीक घेतली तरी चालते, मला तर तीच चव जास्त आवडते, जरा खरपूस लागते. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

आता तुमचं बिघडलं ते इथे, बटर वितळवल्यामुळे. शंकरपाळ्यांना आपण मोहन कडकडीत घालतो, इथे बरोब्बर उलट, बटर फ्रीजमधून काढलेलं गार हवं. त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे आणि मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहात लावायचा नाही कारण तळव्याच्या उबेने बटर वितळायला लागतं. पण खूण मोहनाचीच, मूठ दाबली की गोळा होतो आणि बोटाने ढकलला की भुगा होतो, की थांबायचं. मग साखर मिसळायची. काही दाणे रव्यासारखे, काही वाटाण्याएवढे राहिले तर राहू द्या, मुद्दाम एकसारखं करू नका, तेच मोठे दाणे भाजल्यावर कुरकुरीत होतात. वितळलेलं बटर घातलं की मैद्याची पेस्ट होते आणि वर झाकणासारखा घट्ट थर बसतो, खालची वाफ बाहेर पडायला जागाच मिळत नाही, मग तो खालून ओला होत जातो.

हा चुरा डब्यात भरून फ्रीजरमध्ये दोन महिने तरी छान राहतो. वापरताना बाहेर काढून ठेवायची गरज नाही, काट्याने खरवडून तसाच गार गार सफरचंदावर टाकायचा. वरून दाबायचा नाही.

सफरचंदाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण गोडीची आणि पेस्टची दोन्ही तक्रारींचं मूळ तिथे आहे. क्रम्बल मूळचं इंग्लंडमधलं, आणि तिकडे ते बहुतेक ब्रॅम्ली नावाच्या सफरचंदाचं करतात. ते शिजवण्यासाठीच असतं, इतकं आंबट की सहसा कोणी तसं कापून खात नाही, म्हणून तिकडच्या रेसिपीत सफरचंदावर पण भरपूर साखर असते. आपल्याकडे मिळतं ते मुख्यतः डिलिशियस जातीचं, खायचं सफरचंद. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी सिमल्याजवळ कोटगढला अमेरिकेतून त्याची रोपं आणून लावली आणि पुढे हिमाचलभर त्याच्या बागा झाल्या. गोड, आंबटपणा कमी, आणि जास्त दिवस साठवलं की पिठूळ होतं. त्यात तिकडच्या मापाने साखर घातली तर अति गोड होणारच! तुमचा हात चुकला असं नाही, रेसिपी दुसऱ्या फळासाठी लिहिलेली होती.

तेव्हा आपल्या सफरचंदाला साखर नावापुरती, दोन सफरचंदांना एक चमचा, चुऱ्यात आहे तेवढी पुरते. आणि लिंबू हवंच, अर्ध्या लिंबाचा रस. रसाने चव पण उठते आणि फोडी काळ्या पण पडत नाहीत. मंडईत पिवळं गोल्डन मिळालं तर ते घ्या, फोडी अख्ख्या राहतात, हिरवं ग्रॅनी स्मिथ महाग असतं पण आंबट आणि कडक, एक लाल एक हिरवं असं मिसळलं तर फारच छान. लालच मिळालं तर हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे आणि अंगठ्याने दाबल्यावर दबता कामा नये. ऑगस्ट ते ऑक्टोबर नवीन माल असतो तेव्हा करून बघा, एप्रिल-मेमधलं कोल्ड स्टोरेजचं असतं, त्याच्या फोडी जरा मोठ्या ठेवायच्या.

बाकी कृती अशी काही नाही. साल काढून किंवा न काढता बोटाच्या पेराएवढ्या फोडी, लिंबू, चमचाभर साखर, दालचिनीची चिमूट, आवडत असेल तर दालचिनीऐवजी जायफळ, तेही मस्त लागतं. वाटी फोडींनी काठाजवळपर्यंत भरा कारण शिजून खाली बसतात. वर तीन-चार मोठे चमचे चुरा. ओटीजी 180 डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवून घ्या, खालची वरची दोन्ही कॉइल चालू, वाट्या ट्रेमध्ये ठेवून खालच्या खाचेत, कारण छोट्या ओटीजीत वरची कॉइल फार जवळ येते आणि आतलं फळ शिजायच्या आत वरचं करपतं. 25 ते 30 मिनिटं. घड्याळापेक्षा वाटीच्या कडेकडे लक्ष द्या, चुऱ्याच्या कडेने सफरचंदाचा रस बुडबुडे येऊन उकळताना दिसला आणि वरचा रंग बिस्किटासारखा झाला की बंद करा. लगेच झाकून ठेवू नका! दहा मिनिटं उघडंच राहू दे, मग वरून घट्ट साय किंवा व्हॅनिला आइस्क्रीम. एखादी वाटी उरलीच तर दुसऱ्या दिवशी ओटीजीतच 160 ला दहा मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये चुरा मऊ पडतो.

प्रश्न: ताई, मी शिकायला जर्मनीत स्टुटगार्टला आलोय, एकटाच राहतो, खोलीच्या किचनमध्ये ओव्हन आहे. इथे थंडीत अख्खं भाजलेलं सफरचंद खातात, ब्राटआपफेल म्हणतात. मी केलं तर साल फाटून सगळं बाहेर आलं. एका माणसासाठी हेच सगळ्यात सोपं वाटतं म्हणून शिकायचंय.

उत्तर: अरे खरंच, एकट्या माणसासाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही, भांडं पण एकच पडतं. साल फुटतं कारण आत वाफ कोंडते. सफरचंदाच्या कमरेला सुरीने सगळीकडून एक बारीक चीर द्यायची, फक्त सालापुरती, मग ते तिथेच उकलतं आणि आकार टिकतो. तुला तिथे बॉस्कोप नावाचं खरबरीत, तपकिरी सालाचं सफरचंद मिळेल, आंबट असतं, तेच घे, यासाठी त्याच्यासारखं दुसरं नाही.

मधला बियांचा भाग देठाकडून छोट्या चमच्याने कोरून काढ पण बुडापर्यंत भोक पाडू नकोस, नाहीतर सारण वितळून खाली वाहून जातं. तिकडे आत मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेचा गोळा, सुकामेवा, बेदाणे भरतात. तू खजूर आणि अक्रोड बारीक करून भर, घरून गूळ आणला असशील तर चमचाभर गूळ, वर बटरचा तुकडा. भांड्यात दोन चमचे पाणी घालून 180 ला 35 ते 40 मिनिटं. सुरीचं टोक कमरेजवळ सहज आत गेलं की झालं. खाली जमलेला पाक चमच्याने परत त्याच्याच अंगावर घाल, तो टाकून देऊ नकोस, सगळी चव त्यात उतरलेली असते.

प्रश्न: ओटीजी नाही, साधा मायक्रोवेव्ह आहे, कन्व्हेक्शन नसलेला. सफरचंदाचं असं काही होईल का? (सातारा)

उत्तर: होईल, फक्त दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करा, कारण साध्या मायक्रोवेव्हमध्ये फळ शिजतं पण चुरा भाजला जात नाही. फोडी लिंबू-साखर लावून, चमचाभर पाणी घालून, झाकून, एका सफरचंदाला दोन-तीन मिनिटं. चुरा साखर न घालता जाड कढईत मंद गॅसवर, लाडवाचं बेसन भाजतो तसा हलवत हलवत भाजा, आठ-दहा मिनिटांत खमंग वास सुटतो आणि बदामी रंग येतो. गॅस बंद करून जरा निवला की मगच साखर घाला, आधी घातली तर ती वितळून कढईला चिकटते. आणि चुरा अगदी वाढताना घाला, आधीपासून फोडींवर घालून ठेवला तर रस पिऊन मऊ होतो.