इंदूरजवळ डुकरं मेली, तर विषाणू कुठून आला हे जनुकांवरून कळतं का?

प्रश्न आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाबद्दल आहे असं धरतो. घराणं कळतं, घरचा पत्ता मिळेलच असं नाही.

मेलेल्या डुकराची प्लीहा, रक्त वगैरे बर्फात ठेवून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पाठवतात. ती आपल्यापासून तीन-चार तासांवर, हे बरंच. तिथे पीसीआरने रोगाची खात्री होते, मग विषाणूच्या कवचातल्या पी७२ प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा वाचून जीनोटाइप, म्हणजे विषाणूचं घराणं, ठरतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात सापडला तो जीनोटाइप २. २००७ मध्ये जॉर्जियात आणि २०१८ मध्ये चीनमध्ये पोहोचलेला तोच.

पण घोडं पेंड खातं ते इथेच. हा डीएनए विषाणू, फार हळू बदलतो. त्यामुळे चीन आणि आसाम यांत फरक करायला पी७२ कुचकामी. म्हणून आय७३आर आणि आय३२९एल या जनुकांच्या मधल्या जागेत डीएनएच्या दहा अक्षरांचा एक तुकडा किती वेळा आलाय ते मोजतात. जॉर्जियाच्या नमुन्यात तो दोनदा होता, पुढे पूर्व युरोपातल्या बऱ्याच नमुन्यांत तीनदा. तेवढ्यानेही भागलं नाही तर सुमारे १.९ लाख अक्षरांचा अख्खा जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा डीएनए, वाचायचा.

तरीही, २०२२ मध्ये मध्य प्रदेशातच रीवात साथ आली होती तशी उद्या इंदूरजवळच्या महूकडे आली, तर मी आधी पिल्लं कोणत्या बाजारातून आणली आणि हॉटेलचं उष्टं न उकळता घातलं का, हेच विचारीन. माणसांना हा रोग होत नाही.