ब्रेक जाम, मशीन गॅरेजमध्ये आणि दुसरी किल्ली खिशात

प्रश्न : मी तळेगाव दाभाड्याला राहतो. मावळातल्या फार्महाऊसची लॉन कापून देणं हा माझा धंदा. बसून चालवायचं मशीन आहे, मीच चालवतो, हाताखाली एक मुलगा. पावसाळाभर ते हँडब्रेक ओढून शेडमध्ये उभं होतं. दिवाळीआधी काढलं तर ब्रेक जाम. पुण्यातल्या एका गॅरेजने व्हॉट्सअ‍ॅपवर 6,500 रुपये सांगितले, मी ‘करा’ म्हणून कळवलं. आता बिल 41,000 चं आहे. मला न विचारता अख्खा गिअरबॉक्स बदलला म्हणतात, जुना दाखवत नाहीत. ब्रेक तर अजूनही धरतोय. पैसे दिल्याशिवाय मशीन मिळणार नाही, वर रोजचे 300 रुपये जागाभाडं. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. मशीन माझंच, रात्री टेम्पो नेऊन उचलून आणलं तर?

उत्तर : अजिबात नको. स्वतःच्याच वस्तूची चोरी करता येते, हे ऐकायला विचित्र वाटेल; पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये (जुन्या दंड संहितेचं 378) जवळपास तुमचंच उदाहरण दिलेलं आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, मजुरी बाकी आहे, म्हणून घड्याळजीने ते कायदेशीरपणे अडवून ठेवलं. मालकाने त्याचं हे तारण बुडवण्यासाठी घड्याळ काढून नेलं, तर ती चोरी. काहीच देणं नसताना हिसकावून नेलं तर चोरी नाही, पण मारहाण आणि आगळीक (दुसऱ्याच्या जागेत बेकायदा घुसणं) अंगावर येऊ शकते. तुम्ही 6,500 ला होकार दिलाय, तोही लेखी. ते काम झालं असं गॅरेजवाल्याने दाखवलं की तुम्ही पहिल्या मालकाच्या जागी जाता. तेव्हा किल्ली घरी ठेवा.

आता गॅरेजवाल्याची बाजू किती भक्कम आहे ते पाहू. करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं, तो त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण ज्या कामासाठी वस्तू दिली, तेच काम झालेलं असायला हवं. तुम्ही मशीन ब्रेक सोडवायला दिलं होतं. ब्रेक अजून जाम असेल, तर त्याचा हक्क लंगडा पडतो. न विचारता केलेल्या वाढीव कामाचं बिल तर आणखी लंगडं. ‘फायदा तर तुमचाच झाला ना’ असा युक्तिवाद तो याच कायद्याच्या कलम 70 खाली करेल. त्याला उत्तर एकच : फायदा कुठे आहे, दाखवा. आणि जागाभाडं? आधी ठरलेलं नसेल, तर स्वतःच्या वसुलीसाठी अडवलेल्या वस्तूचं भाडं मागता येत नाही.

सगळं प्रकरण जुन्या सुट्या भागांवर फिरणार आहे. अशा बऱ्याच मशीनमध्ये ब्रेक म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी डिस्क, तिच्यावर कॅलिपर आणि दोन पॅड. दमट हवेत हँडब्रेक महिनोन्‌महिने ओढलेला राहिला की पॅड डिस्कला चिकटतात किंवा ब्रेकच्या दांडीची पिन गंजून अडकते. ते खोलून, घासून, पॅड बदलून भागतं. मग आतला गिअरबॉक्स का काढला, याचं कारण त्यानेच द्यायचं आहे. जुना गिअरबॉक्स, नव्याच्या खरेदीचं बिल आणि पार्ट नंबर लेखी मागा. गॅरेजमध्येच मशीन जॅकवर घ्यायला लावा आणि गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, तरी चाक फिरत नाही, असा सलग व्हिडिओ काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं डिलीट करू नका.

त्यानंतर 6,500 रुपये कोणतीही अट न घालता देऊ करा. मेसेजवरही आणि स्पीड पोस्टने नोटीस पाठवूनही. रास्त रक्कम देऊ केल्यावरही त्याने मशीन अडवलं, तर त्याचा अडवायचा हक्क संपला असं म्हणता येतं. पोलिसांत जाऊन फारसं हाती लागणार नाही, ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर ठरलेलं. सीझन हातचा जात असेल आणि पैशाची सोय असेल, तर पूर्ण बिल ‘निषेध नोंदवून’ भरा, पावतीवर तसं लिहा आणि मशीन सोडवा. भांडण नंतर करता येतं, सुटलेली गिऱ्हाइकं परत येत नाहीत.

दाद जिल्हा ग्राहक आयोगात मागा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, मुदत 2 वर्षांची, आणि कामासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मशीन अडकलेलं असतानाच गेलात तर अंतरिम आदेशही मागता येतो. इथे एक अडचण आहे. धंद्यासाठी सेवा घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं ते स्पष्टीकरण ‘वस्तूं’पुरतं लिहिलंय, त्यात सेवा नाही. समोरचा वकील यावर बोट ठेवणारच. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की मशीन तुम्ही स्वतः चालवता आणि त्यावरच घर चालतं. हा मुद्दा टिकला नाही तर दिवाणी न्यायालय आहेच. वेळ मात्र जास्त लागेल.

मशीन ताब्यात घेताना ‘काम समाधानकारक’ छापलेल्या चलनावर तशीच सही करू नका. ब्रेक अजून जाम असल्याचं त्यावरच हाताने लिहा. आणि दुसरीकडून ब्रेक नीट करून घेईपर्यंत ते कोणाच्याही उतारावर चालवू नका. तिथे काही झालं तर नोटीस गॅरेजला नाही, आधी तुम्हाला येईल.