वाचक विचारतात : गॅसचं पिस्तूल संग्रहात घेण्याआधी

प्रश्न : ओळखीतल्या एका संग्राहकाकडून 6 मिमीचं गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्ट पिस्तूल (गॅसच्या दाबाने प्लास्टिकचे छर्रे उडवणारं, दर वेळी स्लाइड आपोआप मागे जाणारं) मिळतंय. जपानी बनावट, प्लास्टिकची स्लाइड (वरचा सरकणारा भाग), दोन मॅगझिन, मूळ खोका. सात-आठ वर्षं जुनं आहे, पण दिसायला नवं. काय बघून ठरवावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : व्यवहाराआधी कायदा. आर्म्स रूल्स 2016 मध्ये हवाई शस्त्रांसाठी परवान्याची मर्यादा 20 जूल शक्ती किंवा 4.5 मिमी नळी अशी आहे. एअरसॉफ्टची शक्ती जेमतेम एक जूल, पण नळी 6 मिमी. त्यामुळे ‘हे तर खेळणं’ एवढ्यावर विसंबू नका. नाशिक पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर हातात आल्यावरच पैसे द्या.

आता वस्तू. बहुतेक जण स्लाइडची चकाकी बघतात आणि मॅगझिन शेवटी हातात घेतात. क्रम उलटा हवा. गॅस साठतो मॅगझिनमध्ये, व्हॉल्व्ह तिथे, रबरी वॉशरही तिथेच, आणि वापर नसेल तर हे रबर सुकतं. नव्यासारखं दिसणारं, वर्षानुवर्षं खोक्यात पडलेलं पिस्तूल म्हणूनच जास्त संशयाने तपासावं.

भरताना मॅगझिन उलटं धरा, गॅसचा डबाही उलटा, म्हणजे द्रव गॅस आत उतरतो. 5-6 सेकंद पुरे. हातमोजे घाला, उडालेला द्रव कातडी गोठवतो. मग साबणाचं पाणी तीन जागी लावा : भरायचा व्हॉल्व्ह, वरचा सोडायचा व्हॉल्व्ह, तळाच्या पट्टीची कड. बुडबुडे दिसले तरी लगेच नाकारू नका. व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब सोडून काही तासांनी पुन्हा भरा. सुकलेलं रबर बऱ्याचदा तेवढ्याने बसतं. खरी परीक्षा वजनाची. दागिन्यांच्या छोट्या काट्यावर भरलेलं मॅगझिन तोला, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तोला. एक-दोन दशांश ग्रॅमचा फरक चालेल. अख्खा ग्रॅम गेला तर गळती आहे. ओ-रिंग, म्हणजे रबरी वॉशर, बदलता येते. मॅगझिनच्या ओतीव धातूला तडा असेल तर ते मॅगझिन हिशेबात धरू नका.

मग पिस्तूल. मॅगझिन काढलं तरी हॉप-अपमध्ये (छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारा नळीतला रबरी भाग) एक छर्रा अडकलेला असू शकतो. गॉगल लावा, स्लाइड ओढून, नळीत टॉर्च मारून खात्री करा. स्लाइडवर तिरपा उजेड पाडून तिच्या बाजूच्या खिडकीचे पुढचे कोपरे आणि नळीच्या तोंडाजवळचा भाग बघा, तडे तिथे सुरू होतात. केसाएवढा तडा दिसला तरी घेऊ नका. हॅमर (मागचा घोडा) चढवून, ट्रिगरला हात न लावता, मागून अंगठ्याने पुढे रेटा. सुटला तर सिअर, म्हणजे हॅमर अडवून धरणारा भाग, झिजलाय. जस्ताच्या मिश्रधातूचे हे भाग झिजले की एका दाबात दोन-तीन छर्रे सुटतात.

वेग क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) मोजा. 0.20 ग्रॅमचा छर्रा 100 मीटर प्रति सेकंद म्हणजे बरोबर 1 जूल. दहा छर्ऱ्यांत 3-4 मीटरचा फरक ठीक, दहाच्या वर गेला तर नॉझल (गॅस छर्ऱ्यामागे सोडणारी तोटी) किंवा व्हॉल्व्ह तपासा. मात्र भराभर झाडू नका. गॅसची वाफ होताना मॅगझिन गार पडतं, दाब उतरतो आणि स्लाइड मंदावते. तो दोष नव्हे, प्रत्येक छर्ऱ्यानंतर थोडं थांबा.

‘अपग्रेड केलंय’ याचे जास्त पैसे संग्रहासाठी देऊ नका. मूळ भाग सोबत मिळत असतील तरच.

प्रश्न : ग्रीन गॅस मिळत नाही. लायटरचा किंवा घरचा एलपीजी चालेल?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दोन्ही नाही. 20 अंशांना ब्युटेनचा दाब सुमारे 2 बार, एचएफसी-134ए चा (एसीत वापरतात तो गॅस) 5.7, तर ग्रीन गॅसचा म्हणजे मुळात प्रोपेनचा 8.4. दोन बारला स्लाइड धड मागे जात नाही. घरगुती सिलिंडरमधून दुसरीकडे गॅस भरणं बेकायदा आहे आणि एक ठिणगी पुरते.

जपानी प्लास्टिक स्लाइडची पिस्तुलं 134ए धरूनच बनतात. नाशिकच्या उन्हाळ्यात 40 अंशांना त्याचा दाब 10 बारवर जातो, म्हणजे 27-28 अंशांना प्रोपेनचा असतो तेवढा. अशा दुपारी ग्रीन गॅस घातला तर दाब तेराच्या पुढे जातो आणि प्लास्टिक तडकतं. उलट निफाडच्या थंडीत पहाटे 5 अंशांना 134ए साडेतीन बारवर येतो. स्लाइड अडखळली तर दुपारपर्यंत थांबा, मॅगझिन शेगडीवर किंवा गरम पाण्यात धरू नका. एसीच्या काही डब्यांत कॉम्प्रेसरचं तेल किंवा रंग मिसळलेला असतो; लेबल वाचून शुद्ध 134ए घ्या. त्यात वंगण नसतं, म्हणून तेलाचे थेंब तुम्हीच सोडायचे.

प्रश्न : पावसाळ्यात कसं ठेवावं?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : हॅमर उतरवलेला, हॉप-अप शून्यावर, डब्यात सिलिका जेल. स्प्रिंग आणि पिनांवर सिलिकॉन तेलाचा हात फिरवा, शिलाई मशीनचं तेल रबरापासून लांब ठेवा. गॅस मॅगझिनमध्ये थोडा गॅस राहू द्या, वॉशर जागेवर बसलेले राहतात. सीओटू कॅप्सूलचं मॅगझिन मात्र कायम रिकामं ठेवा. 20 अंशांना त्यात 57 बार दाब असतो, आणि तो दिवसेंदिवस सोसून रबराचा आकार बिघडतो.