स्लोव्हेनियाच्या नकाशावरच्या 'प्लानिना'चं मराठीत 'पर्वत' असं भाषांतर चालेल का?

नाही, स्लोव्हेनियन मजकुरात एकवचनी 'प्लानिना' म्हणजे डोंगरावरचं उन्हाळी कुरण. 'पर्वत' हा अर्थ सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये आहे. बल्गेरियातली स्तारा प्लानिना ही खरोखरची पर्वतरांग (सर्वोच्च शिखर बोतेव, 2,376 मीटर), तर स्लोव्हेनियातली वेलिका प्लानिना हे पठार: जमिनीला टेकलेल्या फळ्यांच्या छपरांची गुराख्यांची घरं आणि उन्हाळाभर चरणाऱ्या गाई. याच अर्थाला ऑस्ट्रियात 'आल्म', स्वित्झर्लंडच्या जर्मनमध्ये 'आल्प', फ्रेंचमध्ये 'आल्पाझ' म्हणतात. मराठीत 'उन्हाळी कुरण' सरळ लिहा. 'बुग्याल' मोह पाडतो, पण तो टाळा: बुग्याल म्हणजे हिमालयात वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या) वरचं नैसर्गिक गवताळ रान, तर प्लानिना बऱ्याचदा जंगल तोडून केलेली असते.

'गोरा' त्याहून फसवा. स्लोव्हेनियनमध्ये तो डोंगर, बल्गेरियनमध्ये मात्र जंगल. तरी स्रेद्ना गोरा ही पर्वतरांगच आहे. म्हणून विशेषनामाचं भाषांतर न करता ते देवनागरीत तसंच ठेवा आणि पुढे 'पर्वतरांग' किंवा 'कुरण' जोडा.

एक अपवाद: स्लोव्हेनियनमध्येही साधित शब्दांत पर्वताचा अर्थ टिकून आहे. 'प्लानिनेत्स' म्हणजे गिर्यारोहक, गुराखी नव्हे. 'प्लानिन्स्की दोम' म्हणजे गिर्यारोहकांचं विश्रामगृह.