वाचक विचारतात : घारापुरीच्या तोफा आणि त्यांच्याखालच्या अंधाऱ्या खोल्या

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही सहकुटुंब घारापुरीला गेलो होतो. लेणी पाहून झाल्यावर डोंगरमाथ्यावर चढलो, तेव्हा तिथे दोन प्रचंड तोफा दिसल्या. तोफेभोवती गोल खळगा होता आणि बाजूने जमिनीखाली उतरणारी वाट व अंधाऱ्या खोल्या होत्या. बरोबरच्या एका गृहस्थांनी या तोफा पोर्तुगीजांच्या असल्याचे सांगितले, तर माझ्या मुलाने विचारले की या खोल्यांत कैदी ठेवत होते का. मला दोहोंपैकी कशाचेच खात्रीने उत्तर देता आले नाही. हे अवशेष नेमके कशाचे आहेत, ते कसे पाहावेत आणि युद्धात या तोफांचा काही उपयोग झाला का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी आपल्या मुलाचे अभिनंदन करतो, कारण बहुतेक जण तोफेपाशी छायाचित्र काढून परत फिरतात आणि त्याने मात्र खोल्यांबद्दल विचारले. त्या खोल्यांत कैदी नव्हते, तिथे दारूगोळा होता. आपण पाहिलेत ते ब्रिटिश काळातल्या किनारी तोफखान्याचे ठाणे आहे. लष्करी भाषेत त्याला बॅटरी म्हणतात.

पोर्तुगीजांचा संबंध या बेटाशी नक्कीच आहे. इथल्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले आणि तो हत्ती आज राणीच्या बागेजवळच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. या तोफा मात्र त्यांच्या असूच शकत नाहीत. पोर्तुगीजांच्या काळातली तोफ पुढच्या तोंडातून भरली जाई, ती लाकडी गाड्यावर बसवलेली असे आणि बार उडाला की गाड्यासकट मागे सरके. घारापुरीची तोफ लांब नळीची आहे, ती मागून भरली जाते आणि जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी बैठकीवर गोल फिरते. हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले.

त्याच सुमारास मुंबईच्या संरक्षणाची सगळी कल्पनाच बदलली होती. १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाचे तट पाडले गेले आणि शहराचे रक्षण भिंतींनी न करता बंदराच्या तोंडावर आणि बेटांवर करायचे ठरले. १८७०मध्ये ‘ॲबिसिनिया’ आणि ‘मॅग्डाला’ ही दोन चिलखती जहाजे खास मुंबई बंदराच्या राखणीसाठी तयार झाली. मलबार पॉइंट, कुलाबा आणि बंदरातली ऑयस्टर रॉक व मिडल ग्राउंड ही छोटी बेटे अशा जागी तोफा बसल्या. घारापुरीचा डोंगर बंदराच्या आतल्या पाण्यावर नजर ठेवतो, म्हणून तोही या साखळीत आला.

आता हे अवशेष कसे पाहावेत ते सांगतो. माझ्या मते तोफ सर्वांत शेवटी पाहावी. गोळ्याचा प्रवास जिथून सुरू होतो तिथून, म्हणजे खालून, सुरुवात करावी. अशा बॅटरीत तोफगोळे एका खोलीत आणि त्यांना फेकणाऱ्या दारूची काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवलेली असत, कारण एका ठिकाणी अपघात झाला तर दुसरा साठा वाचावा. दारूच्या कोठारात उघडी ज्योत नेता येत नसे, म्हणून भिंतीत कोनाडा करून त्याला जाड काच बसवत आणि दिवा पलीकडच्या वेगळ्या बोळातून त्या काचेमागे ठेवत. उजेड आत येई, ज्योत मात्र बाहेरच राही. आपल्याला एखाद्या खोलीच्या भिंतीत, आतून पोहोचता येणार नाही अशी चौकोनी खिडकी दिसली, तर ती बहुधा दिव्याचीच असते. कोठारात शिरणारे शिपाई आधी बाहेरच्या खोलीत कपडे बदलत आणि लोखंडी खिळे नसलेले जोडे घालत, कारण फरशीवर खिळा घासून पडलेली एक ठिणगीसुद्धा पुरेशी होती. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या ओलीत दारू कोरडी राखणे हेच या बांधकामातले सर्वांत अवघड काम असे. त्यासाठी कोठाराच्या भिंती दुहेरी बांधून मध्ये हवेची पोकळी सोडण्याची पद्धत होती. खोलीच्या छताला वर उघडणारा अरुंद चौकोनी मार्ग दिसला, तर तो गोळे वर चढवण्याच्या लिफ्टचा. त्याच्या वरच्या तोंडापाशी गेलात की आपण तोफेच्या खळग्यात पोहोचता आणि तो खळगा तिथेच का आहे हे कोणी न सांगता समजते.

तोफ भरली तरी नेम कसा धरायचा, हा प्रश्न उरतो. चालत्या जहाजाचे अंतर मोजण्यासाठी उंची कामी येते आणि म्हणूनच बॅटऱ्या डोंगरावर असत किंवा त्यांची टेहळणीची खोली तरी उंचावर असे. ब्रिटिश तोफखान्यातील वॉटकिन या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात यासाठी एक यंत्र तयार केले. यंत्राची समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असते, दुर्बीण जहाजाच्या पाण्यालगतच्या रेषेवर रोखायची आणि ती किती अंशांनी खाली झुकली त्यावरून अंतर काढायचे. शाळेतल्या त्रिकोणमितीचाच हा उपयोग आहे, पण मुंबईत त्यात भरती-ओहोटीची मेख आहे. समजा यंत्र पाण्यापासून १०० मीटर उंच आहे आणि जहाज ५ किलोमीटरवर आहे. भरतीने पाणी ४ मीटर चढले आणि ते हिशेबात धरले नाही, तर अंतर सुमारे २०० मीटर जास्त येते, म्हणजे गोळा जहाजावरून पलीकडे जाऊन पडतो. म्हणून पाण्याची त्या वेळची पातळी यंत्रावर सतत जुळवत राहावी लागे. आपल्या मुलाला हे गणित वहीवर मांडायला सांगा, त्याला ते डोंगर नसलेल्या डोंबिवलीतही सुटेल.

उपयोगाविषयी सरळ सांगायचे तर, दोन्ही महायुद्धांत शत्रूची युद्धनौका मुंबई बंदरावर चालून आली नाही. भीती मात्र खरी होती. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर मारा करून त्या पेटवल्या. किनाऱ्यावरच्या तोफांनी उत्तर दिले, पण जहाज निसटले. १९१७मध्ये ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि त्याच वर्षी २३ जूनला ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज अशाच एका सुरुंगावर आदळून बुडाले. पाण्याखालच्या सुरुंगापुढे डोंगरावरची तोफ काय करणार? एप्रिल १९४२मध्ये जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे हल्ले केले, तेव्हा जहाजांसाठी बांधलेल्या या तोफांचा काळ सरत चालल्याचे उघड झाले होते. मुंबईवर दुसऱ्या महायुद्धातला सर्वांत भीषण आघात तर शत्रूने केलाच नाही. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती, आग लागली आणि गोदीसह आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. कापसाशेजारी स्फोटके ठेवण्याची चूक आणि गोळे व काडतुसे वेगळी ठेवणाऱ्या त्या दोन खोल्या शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे त्या खोल्यांची किंमत कळते.

घारापुरीला उजेड आणि फलक यांची उणीव भासली असेल, तर मलबार हिलवरील राजभवनाखालचा बंकर जरूर पाहावा. ऑगस्ट २०१६मध्ये बंद भिंतीमागे तो सापडला. त्यात १३ खोल्या आहेत आणि त्यांवर शेल स्टोअर (गोळ्यांची खोली), कार्ट्रिज स्टोअर (काडतुसांची खोली), शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप अशी नावे आढळली, म्हणजे वर वर्णन केलेली सगळी व्यवस्था तिथे नावानिशी भेटते. २०१९मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले आणि जून २०२२मध्ये क्रांतिकारकांवरील दालनाचे उद्घाटन झाले. २०१८मध्ये राजभवनाच्या परिसरात प्रत्येकी सुमारे २२ टन वजनाच्या दोन जुन्या तोफाही सापडल्या. भेटीसाठी आधी नोंदणी करावी लागते.

पुन्हा घारापुरीला गेलात तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी असू द्या आणि पावसाळ्यात खालच्या खोल्यांत उतरूच नका, तिथे शेवाळ असते, पाणी साचते आणि सापांनाही कोरडी जागा हवी असते. वटवाघळे असलेल्या खोलीत मुलांना नेऊ नये. तोफेच्या नळीवर कुणाला बसवू नका. गंजलेला लोखंडाचा तुकडासुद्धा घरी आणू नये, आणि गोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. भिंतींवर नावे कोरणारे भेटले तर त्यांना थांबवा. ही विनंती मी कळकळीने करतो आहे, कारण कोठाराच्या भिंतीवरची एखादी जुनी रंगवलेली अक्षरे एकदा खरवडली गेली की ती खोली कशाची होती हे सांगणारा दुसरा कोणी उरत नाही.

प्रश्न : गेटवेहून बोटीत बसल्यावर समोर तटबंदी असलेले छोटे बेट दिसते. तिथे उतरता येते का?
– एक वाचक, परळ

उत्तर : ते मिडल ग्राउंड. तेही तोफांचेच ठाणे होते आणि आज नौदलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे उतरता येत नाही. कुणी खासगी होडीवाला नेतो म्हणाला तरी जाऊ नये. पलीकडचे जवाहर द्वीप, म्हणजे जुने बुचर बेट, खनिज तेल उतरवण्याचे ठिकाण असल्याने तेही बंदच आहे. घारापुरीच्या बोटीतून जाताना मिडल ग्राउंड दिसते. तेव्हा पाण्यालगतचा तट आणि मागे दूर दिसणारा घारापुरीचा डोंगर एकाच नजरेत घ्या, म्हणजे बंदरात शिरणाऱ्या जहाजाला किती तोफांसमोरून जावे लागले असते याचा अंदाज येईल.