फोटो कमी पाठवा, काम द्या

ताई, तुम्ही विचारलंय की डिसेंबरात आठवडाभर केरळात जाताय, तर जळगावातल्या तुमच्या सातवीच्या वर्गाला त्या प्रवासात सामील कसं करून घ्यायचं. रोज ग्रुपवर फोटो टाकावेत की व्हिडिओ कॉल करावा?

मी दोन्ही करून पाहिलंय. हंपीहून ढीगभर फोटो पाठवले होते. परत आल्यावर एकाही पोराने काही विचारलं नाही, कारण त्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतंच. व्हिडिओ कॉलला चाळीस मुलं आणि एक फोन, मागच्यांना नुसता आवाज. म्हणून माझं ठाम मत आहे की मुलांना काम द्या. तेही असं, की त्यांनी शाळेत त्यांचं माप घेतल्याशिवाय तुमच्या मापाला अर्थच येणार नाही.

डिसेंबरअखेर किरकोळ रजा टाकून कन्याकुमारीला गेलो, तेव्हा आम्ही सावली मोजली. शाळा नाशिक जिल्ह्यातली. अर्ध्या मीटरच्या दोन काठ्या कापल्या. एक झेंड्याच्या ओट्यावर, एक माझ्या पिशवीत. बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. सगळ्यात आखूड सावली मोजायची, मग काठीच्या टोकापासून तिथपर्यंत दोरा ताणून वरचा कोन कोनमापकाने घ्यायचा. काठी सरळ उभी आहे का, यावरून वर्गात भांडण झालं, तेव्हा एक मुलगा घरून वडिलांचा ओळंबा घेऊन आला. गवंड्याचा पोरगा, एरवी गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा. त्याने ओळंबा धरला, डोळा बारीक केला आणि काठी बोटभर डावीकडे सरकवायला लावली. पुढे आठवडाभर त्याला विचारल्याशिवाय कुणी काठीला हात लावला नाही.

शाळेतली सावली ४७ सेंमी भरली, माझी ३१. कोन ४३ आणि ३१ अंश, फरक १२. म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन्ही जागा उत्तर-दक्षिण १२ अंश लांब. नकाशावर फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर सुमारे १३२० किमी. वर्तुळात १२ अंशांचे ३० तुकडे, म्हणून पृथ्वीचा घेर ३९,६०० किमी. खरा घेर ४०,००० च्या आसपास आहे! इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं, हे मी मुलांना नंतर सांगितलं. आधी सांगू नका.

सूर्योदयाच्या वेळाही लिहायला लावा. कन्याकुमारीला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवायचा, नाशिकला सात वाजून गेल्यावर. मावळायचा मात्र दोन्हीकडे सहा वाजून थोड्या मिनिटांनी. "मग त्यांचा दिवस मोठा का?" हा प्रश्न मुलांनीच काढला आणि त्यावर दोन तास गेले.

पोस्टकार्डंही न्या, पन्नास पैशांचं एक. निघण्याआधी प्रत्येकाने स्वतःचा पत्ता आणि एक प्रश्न लिहून द्यायचा, तुम्ही तिथे पाहून उत्तर लिहून टाकायचं. एकीने विचारलं होतं, तीन समुद्र मिळतात तिथे रेघ दिसते का? मी सकाळ-संध्याकाळ उभं राहून पाहिलं आणि लिहिलं, "दिसत नाही."

जळगाव २१ अंश अक्षांशावर, तिरुअनंतपुरम साडेआठवर. तुम्हाला फरक आणखी चांगला मिळेल. तिकडे डिसेंबरात ढग येतात, पण २२ तारखेच्या आसपास सूर्याची जागा फारशी बदलत नाही, त्यामुळे दोन्हीकडची मापं दोन-तीन दिवस मागेपुढे झाली तरी चालतं.