कॅनसॅट जोरात पडतो, झुलतो, डेटा तुटतो: रेडिओ बदलण्याआधी पॅराशूट बघा

लातूरच्या टीमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ५०० ग्रॅमचा कॅनसॅट (डब्याएवढा सरावाचा उपग्रह, पडताना मोजमापं रेडिओने खाली पाठवतो) ड्रोनने १०० मीटरवरून सोडला, सपाट गोल ४५ सेंमी व्यासाचं पॅराशूट साधारण दोन सेकंदांनी उघडलं. वेग ५ मीटर प्रति सेकंद हवा होता, आला साडेआठ. डबा लंबकासारखा झुलत आला. उघडताना चार सेकंद डेटा गायब, आणि तिथेच उंचीच्या आलेखात वीसेक मीटरची उडी. आता रेडिओ बदलावा का, असं विचारलंय.

रेडिओला हात लावू नका. लॉगमधला पॅकेट नंबर, म्हणजे डब्याने पाठवलेल्या प्रत्येक संदेशाचा अनुक्रमांक, बघा. ४१ नंतर थेट ४६ आला असता, तर मधली पॅकेटं हवेत हरवली म्हणजे अँटेनाचा किंवा रेडिओचा दोष. तुमच्या लॉगमध्ये ४१ नंतर पुन्हा १ आलाय. म्हणजे कंट्रोलर (डब्यातला छोटा संगणक) रीसेट झाला, वीज तुटली. चार सेकंद गेले ते सगळं पुन्हा सुरू व्हायला.

वीज का तुटली ते पॅराशूटच्या हिशेबातून कळतं, म्हणून आधी तो करू. स्थिर वेगाला वजन आणि हवेचा रोध सारखे होतात, त्यामुळे क्षेत्रफळ = २ × वस्तुमान × ९.८१ ÷ (हवेची घनता × रोधगुणांक × वेगाचा वर्ग). सपाट गोल कापडाचा रोधगुणांक ०.७५ ते ०.८ धरतात. चूक बहुतेक वेळा घनतेत होते. पुस्तकातला १.२२५ हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा. लातूर सहाशे मीटरच्या वर, त्यात मे महिन्याचे ४० अंश. तिथे घनता १.०५ च्या आसपास येते. हे आकडे घालून ४५ सेंमीचं पॅराशूट ८.६ चा वेग देतं. म्हणजे पॅराशूट बिघडलं नाही, ते लहानच आहे. ५ च्या वेगासाठी ०.४७ चौरस मीटर लागतं, म्हणजे ७७ सेंमी व्यास. जमिनीवरचा दणका वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा आत्ताचा दणका हव्या त्यापेक्षा तिप्पट आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानावर तो डब्याला परवडणारा नाही.

झुलणं हा सपाट, बंद पॅराशूटचा स्वभावच आहे. आत साचलेली हवा एकदा या कडेने, एकदा त्या कडेने निसटते. मधोमध १५ सेंमीचं भोक ठेवा आणि गेलेलं क्षेत्रफळ भरून काढायला बाहेरचा व्यास ७९ सेंमी करा. दोऱ्या आठ, प्रत्येकी व्यासाइतक्या ते दीडपट लांब. आखूड दोऱ्यांनी कापड पूर्ण पसरत नाही. आठही दोऱ्या एका पाटावर दोन खिळे ठोकून त्यावरच मोजा. एखादी सेंटिमीटरभर कमी पडली तरी पॅराशूट एका बाजूला सरकत जातं. दोऱ्या आणि डबा यांच्यामध्ये मासेमारीच्या दुकानात मिळणारी फिरकी लावा, नाहीतर डबा फिरून दोऱ्यांना पीळ बसतो.

कापड छत्रीचं चालतं. कडा सोल्डरिंगच्या गरम टोकाने कापा म्हणजे धागे सुटत नाहीत, मग दोनदा दुमडून पॉलिस्टर दोऱ्याने शिवा. भोकाच्या कडेलाही हीच शिवण हवी. फाटायची सुरुवात तिथूनच होते. दोरी नुसत्या कापडाला बांधू नका, नायलॉनच्या फितीचा फासा शिवून त्याला बांधा.

आता वीज. दोन सेकंदांच्या पडण्यात वेग १९-२० होतो. त्या वेगाला ७७ सेंमीचं पॅराशूट एकदम उघडलं तर ओढ साधारण ७५ न्यूटन, म्हणजे डब्याच्या वजनाच्या पंधरापट. क्षणिक झटका त्याहून जास्त. तुमच्या लहान पॅराशूटचा झटका याच्या तिसरा हिस्सा होता आणि तेवढ्यानेच स्प्रिंगच्या होल्डरमधला १८६५० सेल (डब्याला वीज देणारी लिथियम बॅटरी) पत्र्यापासून सुटला. मोठं पॅराशूट लावून होल्डर तोच ठेवलात तर दुखणं वाढेल. निकेलपट्टी स्पॉट वेल्ड केलेला सेल घ्या (थेट सेलवर सोल्डर करू नका, उष्णतेने सेल खराब होतो), लॉक असलेला कनेक्टर वापरा आणि तारा पट्ट्याने बांधून टाका. रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आधी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर दीडशे मिलिअँपिअरला सहा-सात मिलिसेकंद निभावतात, पण तो आधार आहे, इलाज नव्हे. डब्यात सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) असेल तर त्याला वेगळा रेग्युलेटर द्या. अडकलेला छोटा सर्वोसुद्धा अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो.

मोठी यानं हा झटका टप्प्यांत वाटून घेतात. गगनयानच्या क्रू मॉड्यूलला चार प्रकारची मिळून दहा पॅराशूट आहेत. आधी छोटी वेग कमी करतात, मोठी तीन शेवटी. तुम्हाला एवढं नको. कापडाची घडी नागमोडी घाला, दोऱ्या आठच्या आकड्यात गुंडाळा, आणि शक्यतो सोडल्यापासून सेकंदाच्या आत उघडू द्या. वेग निम्मा तर ओढ चौथाई.

उंचीतली उडी हा हवेच्या माऱ्याचा खेळ. बीएमपी२८० या हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या सेन्सरचं भोक वाऱ्यासमोर असलं की तो वाऱ्याचा दाबही मोजतो. ही चूक मीटरमध्ये वेगाचा वर्ग भागिले १९.६ इतकी, १९.६ च्या वेगाला जवळपास वीस मीटर. पॅराशूट उघडल्यावर चूक एकदम नाहीशी होते, आलेखात तीच उडी दिसते. सेन्सर बंद कप्प्यात ठेवा, डब्याच्या कुशीला समान अंतरावर एकेक मिलिमीटरची चार भोकं पाडा, सेन्सरवर स्पंजचा तुकडा ठेवा. ऊन थेट पडलं तरी या सेन्सरचं वाचन बिघडतं. आणखी एक: तयार लायब्ररीचं सूत्र प्रमाण तापमान धरतं, त्यामुळे ४० अंशांच्या दुपारी खऱ्या १०० मीटरना ते ९१ दाखवेल. दुरुस्तीसाठी सावलीतलं तापमान घ्या, तापलेल्या डब्यातल्या चिपचं नको. जमिनीचा शून्य कोडमध्ये हाताने लिहिलात म्हणून वाचलात; सुरू होतानाच शून्य घेणारे रीसेटनंतर ऐंशी मीटरवरच जमीन समजतात.

प्रवेग आणि फिरणं मोजणाऱ्या एमपीयू६०५० या सेन्सरची मर्यादाही बदला. आपण काही न बदलता ती ±२ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग) आणि ±२५० अंश प्रति सेकंद असते, आणि झटका पंधरा जीचा. ही किरकोळ गोष्ट नाही. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरताना पॅराशूटखाली असं हेलकावलं की फिरणं मोजणारं उपकरण मर्यादेला टेकलं. संगणकाचा हिशेब जमिनीखालच्या उंचीवर गेला आणि ३.७ किलोमीटरवरच पॅराशूट सोडून दिलं गेलं. ±१६ जी, ±२००० अंश ठेवा. मग डबा सरळ आणि उलटा धरून अधिक-उणे चिन्हं तपासा: २००४ मध्ये नासाच्या जेनेसिस यानाचं पॅराशूट उघडलंच नाही, कारण वेग मंदावणं ओळखणारे सेन्सर आराखड्यातच उलटे बसवले होते.

पुढची चाचणी लगेच ड्रोनवरून नको. दीड मीटर दोरीला चालू डबा बांधून, वरून सोडून दहा वेळा झटका द्या. पॅकेट नंबर एकदाही १ वर जाता कामा नये. मग ड्रोन. लातूरला विमानतळ आहे, तेव्हा डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन आधी बघा. वेळ सकाळी सातची. ५ च्या वेगाने १०० मीटर उतरायला वीस सेकंद लागतात आणि सेकंदाला ६ मीटरच्या वाऱ्यात डबा १२० मीटर वाहून जातो. उसाच्या फडापासून निदान दुप्पट अंतर ठेवा, आणि कापड भगवं किंवा लाल घ्या.